२,२६५ वेळा ‘हरकत नाही’

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घ्यायची तर आधी एक फॉर्म भरावा लागतो. दुकानदार ती माहिती ‘निक्स’ नावाच्या सरकारी यंत्रणेला कळवतो आणि बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर येतं: विका, थांबा किंवा विकू नका. एफबीआय चालवत असलेली ही यंत्रणा ३० नोव्हेंबर १९९८ ला सुरू झाली. कुणाला बंदूक विकायची नाही हे कायद्यात मोजून लिहिलंय. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले, फरार आरोपी, घरात मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेले वगैरे. ‘दहशतवादाचा संशय’ हे कारण त्यात नाही.

फेब्रुवारी २००४ पासून एफबीआय हे अर्ज दहशतवादी संशयितांच्या यादीशीही ताडून पाहू लागली. नाव जुळलं तर तपास अधिकाऱ्यांना खबर जाते, पण तेवढ्यावरून विक्री अडवता येत नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने आकडे काढले. डिसेंबर २०१५ पर्यंत बंदूक किंवा स्फोटकांसाठीच्या तपासणीत यादीतली माणसं २,४७७ वेळा सापडली आणि त्यातल्या २,२६५ वेळा उत्तर गेलं, हरकत नाही. म्हणजे शंभरातले एक्क्याण्णव. उरलेल्यांना नकार मिळाला तो दुसऱ्या कुठल्यातरी कारणाने.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे वाचून पहिल्यांदा वाटतं की हा सरळ बग आहे. दोन टेबलं आहेत, जोडणीही झालेली आहे, फक्त शेवटची अट टाकायची राहिली. फ्रँक लॉटेनबर्ग या डेमोक्रॅट सिनेटरने आणि पीटर किंग या रिपब्लिकन खासदाराने ती अट टाकायचा प्रयत्न वर्षानुवर्षं केला. २००७ मध्ये खुद्द बुश सरकारच्या न्याय विभागाचा त्याला पाठिंबा होता. तरी ते झालं नाही. बंदूकवाल्यांच्या लॉबीमुळे, असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं. ते खोटंही नाही. पण घोळ यादीतही आहे.

११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेच्या ‘नो फ्लाय’ यादीत १६ नावं होती आणि विमानं पळवणाऱ्या १९ जणांपैकी एकाचंही त्यात नव्हतं. मग यादी फुगत गेली. २०१६ मध्ये सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांनी जाहीर केलेल्या आकड्यांनुसार ‘नो फ्लाय’मध्ये सुमारे ८१,००० माणसं होती, आणि संशयितांच्या मोठ्या यादीत जवळपास दहा लाख. त्यात अमेरिकेतले पाच हजारांहून कमी.

ऑगस्ट २००४ मध्ये टेड केनेडी सिनेटच्या समितीपुढे सांगत होते की विमानतळावर आपल्याला पुन्हा पुन्हा अडवलं जातंय. संशयिताने वापरलेल्या ‘टी. केनेडी’ या नावाशी त्यांचं नाव जुळत होतं. अमेरिकेतल्या सगळ्यात ओळखीच्या राजकीय घराण्यातला हा माणूस, आणि त्यालाही हे निस्तरायला तीनेक आठवडे लागले.

ज्याला फोन फिरवता येत नाहीत त्याचं काय होतं? स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या एका मलेशियन बाईला जानेवारी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर बेड्या घातल्या गेल्या. का, ते कळायला कोर्टातली लढाई २०१४ पर्यंत चालली. एफबीआयच्या एजंटने फॉर्मवरच्या चौकोनांत खुणा उलट केल्या होत्या. ज्या याद्यांमध्ये नाव घालायचं ‘नाही’ त्यांवर खूण करा, असा तो फॉर्म होता. (खरं सांगायचं तर मला त्या एजंटपेक्षा फॉर्म बनवणाऱ्याचाच जास्त राग येतो.) बाई धोकादायक नाहीत हे सरकारला मान्य होतं, तरी चूक कबूल करायला नऊ वर्षं गेली.

आता १२ जून २०१६ कडे येऊ. ऑरलँडोच्या पल्स नाइटक्लबमध्ये एका माणसाने ४९ जणांना मारलं. एफबीआयने २०१३ मध्ये त्याची चौकशी केली होती. तेव्हा तो यादीत होता, पण काही सापडलं नाही म्हणून नाव काढलं गेलं. बंदुका त्याने हल्ल्याच्या काही दिवस आधी रीतसर दुकानातून घेतल्या. म्हणजे ‘यादीत असेल त्याला विकू नका’ असा कायदा असता तरी तो अडला नसता. यादी एकाच वेळी जास्त लांब होती आणि जास्त आखूडही.

तीन दिवसांनी कनेटिकटचे सिनेटर ख्रिस मर्फी जवळपास पंधरा तास बोलत उभे राहिले, मतदान घ्या म्हणून. २० जूनला ते झालं. फाइनस्टाइन यांचा प्रस्ताव असा: सरकारकडे संशयाला वाजवी आधार असेल तर विक्री थांबवावी, ज्याला हरकत आहे त्याने नंतर कोर्टात जावं. गेल्या पाच वर्षांत चौकशी झालेल्यांची खबरही अधिकाऱ्यांना मिळावी. टेक्सासचे जॉन कॉर्निन यांचा उलटा: विक्री तीन दिवस रोखा, तेवढ्यात सरकारने कोर्टात पुरावा द्यावा, नाही जमलं तर बंदूक द्यावी. पहिल्याला ४७ मतं पडली, दुसऱ्याला ५३. पुढे जायला ६० लागत होती.

भांडण बंदुकीइतकंच वेळेचं होतं. चूक झालीच तर तोपर्यंत कोणी थांबायचं, नागरिकाने की सरकारने? तीन दिवसांत असा खटला उभा करणं जवळपास अशक्य होतं, तर दुसरीकडे त्या मलेशियन बाईची नऊ वर्षं होती. यादीच्या या दोषावर बोट ठेवताना बंदूकवाल्यांची एनआरए आणि नागरी हक्कवाल्यांची एसीएलयू एकाच सुरात बोलत होत्या, हे दृश्य रोज दिसत नाही.

२२ जूनला प्रतिनिधीगृहात जॉन लुईस सहकाऱ्यांना घेऊन जमिनीवर बसले. घोषणा होती ‘नो फ्लाय, नो बाय’. सभागृहाचे कॅमेरे बंद केले गेले, तेव्हा खासदारांनी फोनवरून पेरिस्कोपवर लाइव्ह केलं आणि टीव्हीने तेच दाखवलं. हे सुमारे २५ तास चाललं. गंमत अशी की नावसाधर्म्यामुळे लुईस यांनाही विमानतळांवर कितीदा तरी अडवलं गेलं होतं. यादी कशी चुकते हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही ते तिच्यासाठी बसले.

मेनच्या रिपब्लिकन सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी मधला मसुदा आणला. दहा लाखांची यादी सोडा, फक्त ‘नो फ्लाय’ आणि विमानतळावर जादा झडतीसाठी निवडलेल्यांची यादी धरा. कोर्टात जाऊन जिंकलात तर वकिलाचा खर्च सरकार देईल. मला त्यातल्या त्यात हाच बरा वाटतो, कारण चुकीची किंमत कुठेतरी सरकारच्या खिशातून जाते. २३ जूनला तो बाजूला सारण्याचा प्रयत्न ४६ विरुद्ध ५२ असा फसला. पण ५२ म्हणजे ६० नव्हेत. मसुदा तिथेच राहिला.

२०२२ मध्ये, टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा बंदूक कायदा झाला. त्यात २१ वर्षांखालच्या ग्राहकांची जादा तपासणी आली. संशयितांच्या यादीचं कलम नाही. न्यू जर्सी राज्याने मात्र २०१३ मध्येच यादीतल्यांना परवाना द्यायचा नाही असं ठरवून टाकलं होतं. त्यावर सही करणारे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी हे रिपब्लिकन.