प्रस्तरारोहण : ताणला जाणारा दोरच तारतो

सह्याद्रीतील लिंगाणा, तैलबैला किंवा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा चढताना प्रस्तरारोहकाचा भार त्याच्या हातापायांवरच असतो. दोर असतो तो पडल्यास वाचविण्यासाठी. त्यामुळे दोराची निवड निर्णायक ठरते.

गाभा आणि त्याभोवती विणलेले वेष्टन अशा रचनेचा नायलॉनचा दोर जर्मनीतील एडेलरिड कंपनीने १९५३ मध्ये तयार केला. आजचे दोर याच रचनेचे आहेत. त्यांपैकी 'डायनॅमिक' दोर ताणला जाऊन पडण्याचा हिसका शोषून घेतो. 'स्टॅटिक' दोर फारसा ताणला जात नाही. रॅपलिंगसाठी तो योग्य. मात्र आघाडीच्या आरोहकाने तो वापरल्यास हिसका थेट शरीराला आणि कातळात ठोकलेल्या मेखांना बसतो.

दोर मेखेला जोडणाऱ्या कडीला कॅराबिनर म्हणतात. युरोपीय मानकानुसार साध्या कॅराबिनरने दार बंद असताना लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन भार पेलला पाहिजे. दार उघडे असल्यास ही मर्यादा अवघी ७ किलोन्यूटन आहे.

सह्याद्रीचा बेसाल्ट खडक अनेक ठिकाणी ठिसूळ असल्याने वरून दगड निखळतात. म्हणून हेल्मेट चढणाऱ्याइतकेच खाली दोर सांभाळणाऱ्यालाही अत्यावश्यक आहे. चढाईपूर्वी दोघांनी परस्परांचा हार्नेस, गाठ व कॅराबिनर तपासणे, हीच सुरक्षेची पहिली पायरी होय.