डेलावेअरच्या चान्सलरसमोर

१७९३, डोव्हर

तुमच्या काखेत वडिलोपार्जित जमिनीचे कागद आहेत आणि बूट चिखलानं भरले आहेत. वडील गेले तेव्हा तुम्ही अज्ञान होतात, म्हणून जमीन एका विश्वस्ताच्या हवाली झाली. आता तुम्ही सज्ञान आहात, पण तो हिशेबही देत नाही आणि ताबाही. नेहमीच्या कोर्टात गेलात तर ज्यूरी फार तर नुकसानभरपाईचा आकडा सांगेल. तुम्हाला आकडा नको, शेत हवं आहे. म्हणून तुम्ही समन्यायाच्या कोर्टात, कोर्ट ऑफ चान्सरीत, आला आहात. अमेरिकेतल्या या चिमुकल्या राज्याच्या १७९२ च्या घटनेनं ते नुकतंच स्थापन केलं आहे. इथे ज्यूरी बसत नाही. विश्वस्ताकडून हिशेब घेणं, करार प्रत्यक्ष पाळायला लावणं, मनाईहुकूम देणं, हे सगळं एकच माणूस करतो.

ते आहेत विल्यम किलेन, राज्याचे पहिले चान्सलर. हे पद विद्यापीठातलं नव्हे, न्यायाधीशाचं आहे. किलेन सत्तरीला आले आहेत. जन्म आयर्लंडचा; पोरवयात समुद्र ओलांडून आले, जमीन मोजणीची कामं केली, वकिली केली आणि १७७७ पासून राज्याचे सरन्यायाधीश राहिले. तुमच्या बांधाचा नकाशा ज्यांच्यापुढे जाणार आहे, त्यांनी स्वतः शेतं मोजली आहेत. बारा माणसांची ज्यूरी नसल्यावर खुर्चीतल्या माणसाचं आयुष्य तुमच्या खटल्याचा भाग होतं. इथून पुढे प्रत्येक काळात तुम्ही तेच पाहणार आहात.

१९२१, विल्मिंग्टन

शतक उलटलं. तुमच्या हातात आता शेताच्या कागदांऐवजी शेअर सर्टिफिकेट आहे. डेलावेअरनं १८९९ साली कंपन्यांना सोयीचा कायदा केला. १९१३ मध्ये शेजारच्या न्यू जर्सीत गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी नियम कडक केले आणि कंपन्या नोंदणीसाठी इकडे वळल्या. भागधारकांच्या पैशावर संचालक बसतात, म्हणजे तेही एका अर्थी विश्वस्तच. त्यामुळे त्यांची भांडणं याच कोर्टात येतात.

या वर्षी जोसाया वॉल्कॉट अमेरिकेच्या सिनेटमधली जागा सोडून चान्सलर होतात. वॉशिंग्टनमधली सत्ता सोडून एक माणूस राज्याच्या कोर्टात येतो, यावरून या खुर्चीचं वजन तुम्हाला कळतं. १९३९ पर्यंत चान्सलर एकटाच असतो. त्यानंतर हाताखाली पहिला व्हाइस चान्सलर येतो.

१९५१, हॉकेसिन

रस्त्याच्या कडेला थांबा. गोऱ्या मुलांची शाळेची बस या घरावरून जाते. आत राहणारी शर्ली ब्युला कृष्णवर्णीय आहे, म्हणून बस तिला घेत नाही. आई सॅरा तिला रोज गाडीनं कृष्णवर्णीयांसाठीच्या एका खोलीच्या शाळेत सोडते. बससाठी सॅरा सरकारदरबारी पत्रं लिहून थकली आहे. अखेर ती लुई रेडिंग यांच्याकडे जाते. ते १९२९ साली सनद मिळालेले डेलावेअरचे पहिले कृष्णवर्णीय वकील. रेडिंग तिला वेगळी बस मिळवून देणार नाहीत. ते थेट गोऱ्या मुलांच्या शाळेचं दार उघडायला सांगणार आहेत. क्लेमाँटमध्ये राहणाऱ्या एथेल बेल्टन आणि इतर मुलांचा खटलाही सोबत आहे. जवळचं हायस्कूल सोडून त्यांना दूर विल्मिंग्टनला जावं लागतं.

ऑक्टोबरमध्ये तुम्ही कोर्टात मागच्या बाकावर बसता. चान्सलर कॉलिन्स सेट्झ अवघे सदतीस वर्षांचे आहेत. विल्मिंग्टनमध्येच वाढले, व्हर्जिनियात कायदा शिकले, १९४६ मध्ये व्हाइस चान्सलर झाले. १९५० मध्ये त्यांनी डेलावेअर विद्यापीठाला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायला लावला. रेडिंग यांच्यासोबत तरुण वकील जॅक ग्रीनबर्ग आहेत. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम साक्षीला उभे राहतात आणि वेगळं बसवल्यानं मुलांच्या मनावर काय घाव होतो ते सांगतात.

साक्षींवर सेट्झ थांबत नाहीत. ते स्वतः शाळा पाहायला निघतात. तुम्हीही मागोमाग जा: इमारती, वर्ग, शिक्षक, बसचा प्रवास, सगळं डोळ्यांनी पाहा. १ एप्रिल १९५२ च्या निकालात ते नमूद करतात की वेगळं ठेवणं हेच कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण कमी दर्जाचं करतं. मात्र ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मोडण्याचा अधिकार फक्त अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला आहे, हेही ते मान्य करतात. मग आपल्या हातात जे आहे ते पूर्ण ताकदीनं वापरतात. या शाळा समान नाहीत, म्हणून मुलांना ताबडतोब प्रवेश द्या. आधी कृष्णवर्णीयांच्या शाळा सुधारू द्या, ही सबब ते स्वीकारत नाहीत.

मनाईहुकूम देणाऱ्या न्यायाधीशाची खरी शक्ती इथे दिसते: हक्क मान्य करायचा आणि त्याच निकालात तो अंमलात आणण्याचा हुकूमही द्यायचा. त्या सप्टेंबरमध्ये क्लेमाँटच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलं बसली. १९५४ मध्ये शाळांमधलं ‘वेगळे पण समान’ तत्त्व मोडणाऱ्या ‘ब्राऊन’ खटल्यात सुप्रीम कोर्टानं एकत्र ऐकलेल्या पाच प्रकरणांपैकी खालच्या कोर्टाचा निकाल कायम झाला तो एकट्या डेलावेअरचा.

१९८४, विल्मिंग्टन

आता तुम्ही तरुण वकील आहात. कंपन्या गिळंकृत करण्याची लाट आली आहे आणि कोर्टात रात्री उशिरा अर्ज दाखल होत आहेत. न्यायाधीशांच्या निवडीची पद्धत तुम्हाला पाठ आहे: १९७७ मध्ये नेमलेला आयोग नावं सुचवतो, गव्हर्नर निवडतो, राज्याची सिनेट संमती देते, मुदत बारा वर्षांची. दोन मोठ्या पक्षांमध्ये समतोल राखण्याची तरतूद १८९७ च्या राज्यघटनेतच आहे.

या वर्षी कॅरोलिन बर्गर व्हाइस चान्सलर होतात, या कोर्टातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश. स्थापनेपासून जवळजवळ दोनशे वर्षं गेली. पुढच्याच वर्षी चान्सलर होणारे विल्यम ॲलन शहरातल्या मोठ्या फर्ममध्ये भागीदार होते. इथले बरेच न्यायाधीश अशाच मोजक्या फर्ममधून येतात. त्यामुळे करारातलं कुठलं कलम कशासाठी घातलं, हे त्यांना आतून माहीत असतं. पण आयुष्यभर संचालकांची बाजू मांडलेल्या माणसाला छोट्या भागधारकाची बाजू तितकीच दिसेल का, हा प्रश्नही त्याच खुर्चीशी जोडलेला असतो.

२००४, जॉर्जटाउन

ससेक्स काउंटीच्या चौकात वॉल्ट डिस्नेचे भागधारक मायकेल ओव्हिट्झ यांना मिळालेल्या पैशांविरुद्ध उभे आहेत. चौदा महिन्यांच्या नोकरीनंतर जाताना त्यांना सुमारे १३ कोटी डॉलर मिळाले. सदतीस दिवस साक्षी चालतात. चान्सलर विल्यम चॅन्डलर याच काउंटीचे. ते पूर्वी गव्हर्नरचे कायदेविषयक सल्लागार होते, नंतर दुसऱ्या कोर्टात न्यायाधीश. २००५ मध्ये ते निकालात प्रमुख मायकेल आयस्नर यांच्या कारभारावर कठोर टीका करतात, तरी कायद्याचा भंग झाला नाही असं ठरवतात. भागधारक हरतात, पण का हरले ते पानापानावर लिहिलेलं त्यांच्या हाती पडतं.

२०२२, पडद्यासमोर

१९ जुलै. सुनावणी झूमवर आहे, कारण चान्सलर कॅथलीन मॅककॉर्मिक यांना कोविड झाला आहे. इलॉन मस्क यांनी ४,४०० कोटी डॉलरना ट्विटर घेण्याचा करार केला आणि मग अंग काढून घेतलं. ट्विटरची मागणी १७९३ मधल्या तुमच्यासारखीच आहे: भरपाई नको, करार पाळायला लावा. मस्क यांना २०२३ चा फेब्रुवारी हवा आहे. मॅककॉर्मिक ऑक्टोबरमध्ये पाच दिवसांचा खटला नेमतात. साक्षींची वेळच येत नाही. २७ ऑक्टोबरला मस्क व्यवहार पूर्ण करतात.

मॅककॉर्मिक डेलावेअरच्याच. वकिलीची सुरुवात त्यांनी गरिबांना मोफत वकील देणाऱ्या संस्थेत केली, मग कंपन्यांचे खटले लढवले. २०१८ मध्ये त्या व्हाइस चान्सलर झाल्या, त्याच वर्षी न्यायाधीशांच्या जागा पाचाच्या सात झाल्या. २०२१ मध्ये त्या पहिल्या स्त्री चान्सलर झाल्या. या कोर्टातल्या पहिल्या कृष्णवर्णीय न्यायाधीश टॅमिका माँटगोमेरी-रीव्ह्ज २०१५ मध्ये आल्या. रेडिंग यांनी इथे मुलांची बाजू मांडल्याला तेव्हा सहा दशकं उलटून गेली होती.

आता तुम्ही परत या. कंपन्यांचे वाद समजायला व्यवसायातला अनुभव लागतोच, आणि डेलावेअरचं नाव त्यावरच झालं. पण या कोर्टाचा सर्वांत मोठा निकाल शाळेच्या वर्गात जाऊन पाहणाऱ्या माणसानं दिला. म्हणून आपल्याकडे न्यायाधीशाची नेमणूक होईल तेव्हा बातमीत फक्त नाव वाचून पान उलटू नका. आधी त्यांनी काय काम केलं, कोणाची बाजू मांडली आणि निकालात कारणं किती स्पष्ट लिहिली, हे विचारा.