चालायला शिकवणाऱ्या यंत्राची कुळकथा

माणसाचे हात थकतात म्हणून यंत्र येतं, हे बुऱ्हाणपूरच्या विणकराला वेगळं सांगायला नको. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना पावलं टाकायला लावणारा रोबोटही थकलेल्या हातांसाठीच जन्माला आला. ते हात फिजिओथेरपिस्टचे होते.

या विकाराचं पहिलं नीट वर्णन लंडनच्या डॉ. विल्यम जॉन लिटल यांचं. त्यांचाही एक पाय लहानपणीच वाकडा झाला होता. अवघड बाळंतपण, बाळाचा कोंडलेला श्वास आणि पुढे ताठरणारे पाय यांचा संबंध त्यांनी १८६१ मध्ये मांडला. या विकारात मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढतं, हाडं लांबतात आणि ताठर स्नायू मागे पडतात. म्हणून व्यायाम वर्षानुवर्षं सुटत नाही.

रोबोटचं मूळ मात्र मांजरींवरच्या प्रयोगांत आहे. मेंदूशी संबंध तुटला तरी पावलांची लय मज्जारज्जूतूनच उमटू शकते, हे टी. ग्रॅहम ब्राऊन यांनी १९११ मध्ये दाखवलं. १९८७ मध्ये माँट्रियलच्या बार्बो आणि रोसिन्योल यांनी अशा मांजरींना ट्रेडमिलवर सराव देऊन पुन्हा चालतं केलं. मग हाच सराव माणसांना देण्यात आला. रुग्णाला वरून पट्ट्यांनी तोलून धरायचं, खाली पट्टा सरकत राहायचा आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या थेरपिस्टनी एकेक पाय उचलून पुढे ठेवायचा. काही मिनिटांतच त्यांच्या कंबरेचा काटा ढिला व्हायचा. रुग्णाच्या आधी थेरपिस्टच थांबायचे.

झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात गेरी कोलंबो यांनी हे काम रुग्णाच्या पायांना बांधायच्या, मोटर लावलेल्या सांगाड्यावर सोपवलं. त्यातून लोकोमॅट तयार झालं आणि काही वर्षांनी त्याला लहान मुलांच्या मापाचे सांगाडेही आले.

पण इथे विणकराच्या मागाचा दाखला थांबतो. कापडाला काही शिकायचं नसतं. यंत्रानेच पाय हलवले आणि मूल नुसतं लोंबकळत राहिलं, तर मेंदूच्या वाट्याला फारसं काही येत नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्स यांनी हातासाठी बनवलेल्या रोबोटमागचा विचार मला म्हणूनच मोलाचा वाटतो: आधी रुग्णाला प्रयत्न करू द्यायचा आणि कमी पडेल तेवढाच हात द्यायचा. आजच्या यंत्रांत ही मदत कमीजास्त करता येते. कधी कधी पडद्यावर खेळ असतो आणि मुलाने जोर लावला की त्यातलं पात्र पुढे सरकतं.

रोबोटमुळे पावलांची संख्या वाढते. पण तितकाच सराव थेरपिस्टच्या हातून मिळाला, तर रोबोट त्याहून सरस ठरतो असा ठाम पुरावा अजून नाही. बुऱ्हाणपूरसारख्या गावासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी मुलं लवकर शोधून जिल्ह्यातल्याच केंद्रांत उपचार देण्याची तरतूद आहे. त्या केंद्रांत शिकलेले, टिकून राहणारे थेरपिस्ट मिळावेत, ही मागणी रोबोटच्या आधी लावून धरायला हवी. आणि कुणी लेकराला मोठ्या शहरातल्या रोबोटपर्यंत नेलंच, तर प्रत्येक सत्रानंतर विचारावं: आज यंत्राने किती जोर लावला आणि आमच्या पोराने किती?