फुलंब्रीचं नाव गाण्यात नेणारे मास्टर कृष्णराव कोण होते?

फुलंब्री : २६ जानेवारीला एका शाळेच्या कार्यक्रमाची बातमी करायला गेलो होतो. झेंडावंदन झालं, कवायत झाली आणि मग पोरींनी हातात दिवे घेऊन 'लखलख चंदेरी'वर नाच केला. हे गाणं दर दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शाळेत असतंच. पोरांचे मायबापही खाली बसून गुणगुणत होते. बातमीत चार ओळी जास्त घालाव्यात म्हणून मी गुरुजींना विचारलं, चाल कोणाची? ते म्हणाले, जुनी आहे, पारंपरिक असेल.

चाल पारंपरिक नाही. ती मास्टर कृष्णरावांची आहे. पूर्ण नाव कृष्णराव गणेश फुलंब्रीकर. आडनाव पुन्हा एकदा वाचा मंडळी. आपल्या तालुक्यात मका, अद्रक, बाजार समितीचे भाव आणि सिल्लोड रोडचे खड्डे यावर आपण रोज बोलतो, पण आपल्या गावाचं नाव आडनावात घेऊन हा माणूस मैफली, नाटक, सिनेमा आणि थेट दिल्लीपर्यंत गेला, हे किती जणांना ठाऊक आहे? मलाही दहा वर्षांपूर्वी ठाऊक नव्हतं, उगाच फुशारकी मारत नाही.

जन्म २० जानेवारी १८९८ चा, आळंदीचा. म्हणजे माउलींच्या आळंदीचा. घरात वेदपठण होतं, पण पोराचा ओढा गाण्याकडे. त्या काळात गाणाऱ्या पोराला नाटक कंपनी हेच मोठं दार होतं. लहानपणीच ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत गेले. सवाई गंधर्व त्याच कंपनीत होते. हेच सवाई गंधर्व पुढे भीमसेन जोशींचे गुरू झाले. आता 'मास्टर' या शब्दाचा घोळ. ते शाळामास्तर नव्हते. नाटक कंपनीत गाऊन काम करणाऱ्या पोरांच्या नावामागे मास्टर लावायचे, जसे मास्टर दीनानाथ. पोरं मोठी झाली तरी मास्टर चिकटूनच राहायचं.

पण खरं शिक्षण झालं ते भास्करबुवा बखले यांच्याकडे. बुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांचं गाणं मोठमोठ्या उस्तादांची सेवा करून मिळवलं होतं. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ हे त्यांचे गुरू. बालगंधर्वही बुवांचेच शिष्य, म्हणजे कृष्णरावांचे गुरुबंधू. पुण्यात १९११ साली बुवांनी भारत गायन समाज काढला. १९२२ साली बुवा गेले आणि त्यांच्यामागे समाजाच्या कामाचा मोठा भार कृष्णरावांनी उचलला.

त्यांचं गाणं कसं होतं? चपळ. चांगल्या रानात पाणी जसं वाट काढत पळतं तसं. एक जागा दाखवली की लगेच दुसरी, तिथून तिसरी, मध्येच एखादी गंमत. राग तासभर उलगडत बसण्यापेक्षा थोडक्यात नेमकं सांगायची त्यांची हातोटी होती. जुन्या तव्यांवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. एवढ्या वेळात राग उभा करणं म्हणजे गुंठ्यात एकराचं पीक काढणं. बंदिशीही त्यांनी बांधल्या आणि 'रागसंग्रह' नावाचे सात भाग काढून त्यात बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. ज्यांना गुरूच्या घरी राहून शिकणं परवडत नव्हतं त्यांना वहीवरून तरी शिकता यावं, एवढा त्याचा उपयोग नक्कीच झाला.

बुवा गेल्यावर ते गंधर्व नाटक मंडळीत आले. तिथे गायचे, भूमिका करायचे आणि नव्या नाटकांना चाली लावायचे. त्यातलं १९३१ चं 'संत कान्होपात्रा' आपल्या वारकऱ्यांना जवळचं. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचे अभंग बालगंधर्वांच्या तोंडी या नाटकात आले. त्यातल्या भैरवीतल्या अभंगाची चाल आज भजनी मंडळं पहाटे म्हणतात, तीही कृष्णरावांचीच. आमच्या गावच्या भजनात पेटी वाजवणाऱ्या तात्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "असं होय? आम्हाला वाटलं पंढरपुराहून आलेली आहे."

पुढे बोलपट आले आणि नाटक कंपन्या थकल्या. कृष्णराव पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या सिनेमांना संगीत देऊ लागले. १९३५ साली 'धर्मात्मा' आला. तो आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांवरचा, नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. नंतर 'अमरज्योती', 'गोपालकृष्ण', आणि १९३९ चा 'माणूस'. यातलं 'कशाला उद्याची बात' शांता हुबळीकरांनी गायलं. एकाच गाण्यात अनेक भाषा येतात आणि प्रत्येक भाषेला तिच्या प्रांताचा ढंग. पडद्यावर ऐकायला सोपं, बांधायला अवघड.

१९४१ चा 'शेजारी' तर गावाचीच गोष्ट. पाटील आणि मिर्झा, दोघे म्हातारे, जिवाभावाचे शेजारी. गावाजवळ धरण बांधायला ठेकेदार येतो, त्यापायी दोघांत फूट पडते आणि शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघे एकमेकांचा हात धरून जातात. ज्यांच्या घरात बांधावरून भांडण झालंय त्यांनी जरूर बघावा. 'लखलख चंदेरी' याच सिनेमातलं. ते पहिल्यापासून घोळक्यानं म्हणायचं गाणं म्हणून बांधलंय. ओळ छोटी, ठेका पायाला ओढणारा, आणि कोणाचाही गळा पुरावा अशी चाल. म्हणूनच ऐंशी वर्षांनी चौथीतल्या पोरी ते म्हणतात आणि कोणी बेसूर झालं तरी चालून जातं.

एक जागा शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावी. १९४४ च्या 'भक्तीचा मळा' या सिनेमात कृष्णरावांनी स्वतः संत सावता माळी उभे केले. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता महाराज, जे वारीला न जाता मळ्यातच विठ्ठल पाहायचे. मैफलीत शाल घेऊन बसणारा गवई पडद्यावर हातात खुरपं घेऊन उभा राहिला. त्याच सुमारास, १९४२ ला, 'कुलवधू' नाटकाला त्यांनी लावलेल्या चाली ज्योत्स्ना भोळे यांच्या गळ्यातून घराघरांत गेल्या.

आता त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या लढ्याकडे येतो. यश त्यात पूर्ण आलं नाही, पण खटपट मोठी होती.

'वंदे मातरम्'ला कृष्णरावांनी झिंझोटी रागात चाल लावली. झिंझोटी हा खमाज थाटातला, लोकगीताच्या जवळ जाणारा राग. बराचसा खालच्या आणि मधल्या पट्टीत फिरतो, गळा फार वर न्यावा लागत नाही. म्हणजे सभेत बसलेल्या हजार माणसांना म्हणता येईल असा. मैफलीच्या शेवटी ते हे गीत म्हणायचे. इंग्रजांच्या राज्यात मुंबई रेडिओवर त्यांनी ते गायला सुरुवात केली तर प्रक्षेपणच बंद केलं गेलं. त्यांनीही मग रेडिओवर गाणं सोडून दिलं. रेडिओ म्हणजे त्या काळी गवयाची मोठी कमाई आणि मोठं नाव. ते त्यांनी सोडलं. स्वातंत्र्य आल्यावर, सरदार पटेलांकडे नभोवाणी खातं असताना, ते परत गेले आणि तिथे 'वंदे मातरम्' म्हटलं.

तेव्हा देशाचं राष्ट्रगीत अजून ठरायचं होतं. १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या वेळी आपल्या प्रतिनिधींनी 'जन गण मन' वाद्यवृंदाला दिलं, तिथे ते वाजलं आणि लोकांना आवडलं. पंतप्रधान नेहरूंचं म्हणणं असं पडलं की परदेशात, सैन्यात बँडवर वाजवायला 'वंदे मातरम्' सोयीचं नाही. यावर कृष्णराव चिडून घरी बसले नाहीत. बँडवर वाजत नाही म्हणता ना, वाजवून दाखवतो, असा त्यांचा पवित्रा.

हे काम सोपं नव्हतं. आपलं गाणं एका सुराच्या धाग्यानं चालतं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं म्हणजे मींड, तिच्यावरच सगळी गोडी. बँडच्या पितळी वाद्यांत ठरलेले सूर सुटे सुटे निघतात, आणि तीस वाद्यं एकाच वेळी वेगवेगळे सूर धरतात. शिवाय बँडवाले वाचतात ती पाश्चात्त्य स्वरलिपी. कृष्णरावांनी मुंबईतल्या एका इंग्रज बँडप्रमुखाची मदत घेतली, चाल त्या लिपीत बसवली, कूच करताना पाऊल पडेल असा ठेका केला. मग पदरमोड करून दिल्लीला गेले आणि नेहरूंसमोर, घटना समितीच्या सदस्यांसमोर गाऊन, वाजवून दाखवलं. बँडचा आक्षेप त्यांनी खोटा पाडला, असं माझं मत. पण निर्णयाला दुसरीही कारणं होती. या गीताच्या पुढच्या कडव्यांवरून कितीतरी वर्षं वाद चालू होता आणि काँग्रेसनं १९३७ सालीच पहिली दोन कडवी म्हणायची असं ठरवलं होतं. २४ जानेवारी १९५० ला डॉ. राजेंद्रप्रसादांनी जाहीर केलं, 'जन गण मन' हे राष्ट्रगीत आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्याइतकाच मान. अर्धा सामना जिंकला म्हणा.

यानंतर सहा वर्षांनी, १९५६ ला, आणखी एक काम त्यांच्याकडे आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदनेला स्वर दिला आणि तिची ध्वनिमुद्रिका झाली. वंदना पाली भाषेत. वेदपाठी घरात वाढलेल्या, साठीला टेकलेल्या या माणसानं त्यासाठी पाली उच्चार शिकून घेतले. इथेही तोच विचार, विहारात बसलेल्या सगळ्यांना एका सुरात म्हणता यावं.

शिष्यांत पंडित राम मराठे आणि लेखिका-गायिका योगिनी जोगळेकर ही मोठी नावं. सरकारनं १९७१ ला पद्मभूषण दिलं, पुढच्या वर्षी संगीत नाटक अकादमीनं रत्न सदस्यत्व. २० ऑक्टोबर १९७४ ला पुण्यात ते गेले.

रात्रीच्या लाईटवर मक्याला पाणी देताना बांधावर मोबाईल ठेवून मी त्यांच्या जुन्या रेकॉर्ड ऐकतो. खरखर फार आहे, पहिल्यांदा कानाला टोचेल. यूट्यूबवर 'मास्टर कृष्णराव' असं मराठीत टाका. पहिलं 'वंदे मातरम्' झिंझोटीतलं ऐका, मग 'शेजारी' सिनेमातलं गाणं. आणि शाळेच्या पुढच्या कार्यक्रमात माईकवर गाण्याचं नाव सांगाल तेव्हा चाल कोणाची तेही सांगा. त्या गुरुजींना मी फोन करून कळवलंय. १ मे च्या कार्यक्रमाला सांगतो म्हणाले.