अल्पवस्तुमानी कृष्णविवरे व क्ष-किरणांची चंचलता : महाराष्ट्रातील संशोधनाचा एक टप्पा

खर्डा म्हटले की मार्च १७९५ मधील मराठे-निजाम संग्राम आठवतो. पुढच्याच वर्षी, १७९६ मध्ये, फ्रान्समध्ये लाप्लास याने ज्यातून प्रकाशही निसटू शकणार नाही अशा पिंडाची कल्पना ग्रंथरूपाने मांडली. पहिल्या घटनेवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. दुसऱ्या कल्पनेशी महाराष्ट्राचा जो संबंध पुढे आला, त्याची नोंद इतिहासाच्या अभ्यासात क्वचितच आढळते.

या संबंधाची सुरुवात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून करावी लागते. पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेत असल्याने, १९६० च्या दशकाच्या अखेरीस या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादहून उंच फुगे सोडून निरीक्षणे केली. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 'आयुका' स्थापन झाली आणि विद्यापीठांतील अध्यापकांनाही हे क्षेत्र खुले झाले.

बहुतेक सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रस्थानी कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरे असतात. १९८९ मध्ये फिलिपेन्को व सार्जंट यांनी एनजीसी ४३९५ या लहान दीर्घिकेचे केंद्रही सक्रिय असल्याचे दाखविले, तेव्हा लहान कृष्णविवरांचा प्रश्न पुढे आला. दहा लाख सूर्यांइतक्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३० लाख किलोमीटर भरते. प्रकाश ती १० सेकंदांत ओलांडतो. दहा कोटी सूर्यांच्या कृष्णविवराला त्यासाठी १,००० सेकंद लागतात. साहजिकच लहान कृष्णविवराभोवतीचे क्ष-किरण अधिक त्वरेने कमीजास्त होतात.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात आयुकाचे गुलाब देवांगन व टाटा संस्थेचे ए. आर. राव यांनी, अमेरिकेतील स्मिता माथूर व रिचर्ड ग्रिफिथ्स यांच्यासह, अशा आठ दीर्घिकांचा अभ्यास मांडला. साधन होते डिसेंबर १९९९ मध्ये सोडलेला युरोपीय उपग्रह एक्सएमएम-न्यूटन व त्याची बारा निरीक्षणे. या दीर्घिकांची चंचलता असाधारण तीव्र आढळली. शिवाय चंचलतेचा कालावधी व वस्तुमान यांचे मोठ्या कृष्णविवरांत दिसणारे नाते येथेही टिकून राहिले. भारताचा स्वतःचा 'अ‍ॅस्ट्रोसॅट' २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेला, आणि गौरव बहुधा त्याच तारखेचा होतो. परंतु परक्या उपग्रहाच्या नोंदींतून स्वतःचा प्रश्न सोडविणारे २००८ चे हे काम इतिहासदृष्ट्या कमी मोलाचे मानता येत नाही.

वाद मात्र मिटलेला नाही. एनजीसी ४३९५ च्या कृष्णविवराचे वस्तुमान २००५ च्या मापनात सुमारे ३.६ लाख सूर्य इतके आले होते. २०१९ च्या मापनात ते दहा हजारांच्या आसपास उतरले. क्ष-किरणांच्या मूळ नोंदी त्याच आहेत, पण वस्तुमान व कालावधी यांच्या आलेखावर या दीर्घिकेचे स्थान कोठे, हे त्यामुळे पुन्हा तपासावे लागते.