काडतूस अडकणे (कॅलिबर बदललेल्या शस्त्रांतील)

मूळ कॅलिबर बदलून दुसऱ्या काडतुसासाठी तयार केलेल्या पिस्तुलात वा रायफलीत काडतूस मॅगझीनमधून चेंबरमध्ये सुरळीत न जाणे. बोलीत यालाच ‘राउंड अडकणे’ म्हणतात. कॅलिबर हे नळीच्या व्यासाचे माप आहे; पण शस्त्र विनाअडथळा चालायला काडतुसाची लांबी, रिमची (पुंगळीच्या मागच्या कडेची) ठेवण, गोळीच्या टोकाचा आकार आणि बाराचा जोरही जुळावा लागतो.

कारणे : .३०३ काडतुसाची पुंगळी सुमारे ५६ मिमी. लांब असून तिची रिम बाहेर आलेली असते, ७.६२ नाटो काडतुसाची पुंगळी ५१ मिमी. असून रिम बाहेर येत नाही. गोळीचा व्यास जवळपास सारखा, तरी एकाचे मॅगझीन दुसऱ्याला चालत नाही. बाहेर आलेल्या रिमच्या काडतुसांत वरच्याची रिम खालच्याच्या मागे पडली, तर दोन्ही एकमेकांत गुंततात.

भारतातील उदाहरणे : पोलीस व तुरुंग पहाऱ्यासाठी इशापूर येथे .३०३ रायफलींच्या नळ्या रुंद करून .४१० मस्केट बनवल्या गेल्या. त्यांच्या मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून एकेक काडतूस हाताने भरायचे ठरले; मॅगझीनमधून अडकण्याचा प्रश्नच उरला नाही. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर आलेल्या इशापूर २ए व २ए१ रायफलींचा मार्ग वेगळा होता. जुन्या रायफलींची नळी न बदलता, मूळ .३०३ ली-एनफील्ड रायफलीच्या आराखड्यावर जास्त दाब सोसणाऱ्या पोलादातून नवी रायफल घडवली आणि ७.६२ काडतुसाला साजेसे मॅगझीन दिले.

निदान : शस्त्र रिकामे असल्याची खात्री केल्यावर आधी मॅगझीन बदलून पाहतात. दोष मॅगझीनबरोबर गेला, तर त्याच्या वरच्या कडा वाकलेल्या किंवा स्प्रिंग थकलेली असते. काडतुसाचे टोक खाली झुकून चेंबरच्या तोंडाशी अडत असल्यास मॅगझीनची उंची व चेंबरकडचा उतार तपासतात. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली, तर एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) पकड सैल असते, किंवा नव्या काडतुसाच्या जोराला रिकॉइल स्प्रिंग फार ताठ पडते. स्लाइड पूर्ण मिटत नसेल तर चेंबरचे माप किंवा मळ पाहतात. एका वेळी एकच भाग बदलतात. दोन बदलल्यास दोष कोणाचा होता ते कळत नाही.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्राची निर्मिती, दुरुस्ती वा रूपांतर करता येत नाही. सोलापूरच्या राज्य राखीव पोलीस बल गट क्र. १० सारख्या दलांत शस्त्रांची देखभाल प्रशिक्षित आर्मोररकडे (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे) असते. खाजगी परवानाधारकानेही शस्त्र परवानाधारक कारागिराकडेच न्यावे लागते.