पाऱ्याचे भस्म आणि प्रीस्टलेचा संशय

शाळेत शिशाचे नायट्रेट तापविले की ते तडतडते, तपकिरी धूर निघतो, मागे पिवळे भस्म उरते. त्या धुरात प्राणवायूही असतो, हे आपण निमूटपणे वहीत उतरवितो. १७७४ साली मात्र ही गोष्ट इतकी सोपी नव्हती.

त्या वर्षी १ ऑगस्टला जोसेफ प्रीस्टले यांनी भिंगाने उन्हे एकवटून पाऱ्याचे लाल भस्म तापविले. निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळाली. मेणबत्तीची ही कथा सर्वांच्या तोंडी आहे. आम्हांला मोलाचा वाटतो तो त्यांचा पुढचा संशय. पाऱ्याचे नायट्रेट भाजून केलेल्या भस्मातूनही तोच वायू आला. मग तो पाऱ्याने हवेतून घेतलेला, की नायट्रिक आम्लातला? विकत आणलेले पहिले भस्मच भेसळीचे असेल तर? आम्लाचा स्पर्श नसलेल्या शेंदुरातून तोच वायू निघाला, तरी त्यांचे समाधान होईना. ऑक्टोबरात पॅरिसला गेले असता त्यांनी कादे यांनी केलेले औंसभर खात्रीचे भस्म मिळविले. त्यानेही तीच साक्ष दिली.

त्याच मुक्कामात लाव्हाझिए यांच्याकडे जेवताना प्रीस्टले यांनी आपला शोध सांगून टाकला. ऑक्सिजन हे नाव पुढे यजमानांनी दिले. पाहुणे मात्र १८०४ साली वारले तोवर फ्लॉजिस्टनलाच धरून राहिले.